तुमचं पाणी आमच्या तंबूत

"नमस्कार. तुमचं पाणी आमच्या तंबूत आलंय."

अशी ओळख कुणी करून देतं का हो? मी तंबूच्या दारातून मान वर केली. धो धो पावसात एक उंच मुलगा उभा होता. डोक्यावर पातेलं पालथं धरलेलं, हातात एक चप्पल. एकच! दुसरी बहुधा मुळशी धरणाच्या दिशेने निघून गेली होती.

"पाऊस पडतोय. पाणी येणारच," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"पावसाचं आम्ही चालवून घेतलं असतं हो. पण हे तुमचं आहे. त्यात तुमचा चहाचा चोथा आहे… आणि मटारची सालं."

मी मागे वळून पाहिलं. आमचा तंबू ठणठणीत कोरडा होता. आई नलिनीबाई स्टोव्हवर मटारची उसळ ढवळत होती. आणि माझे बाबा, बंडोपंत, माझी नजर चुकवून ताडपत्रीकडे बघत बसले होते.

आता माझं पुणं बुडणार होतं.

का, ते सांगते. मी ज्ञानदा, मूळची लातूरकडच्या औशाची. हिंजवडीत नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. गणपतीच्या दिवसांत मला डेंग्यू झाला, आणि घरी काळजी नको म्हणून मी तो लपवला. रूममेटच्या तोंडून बाबांना कळलं मात्र, दसरा होताच ते आईला घेऊन हजर! "एकटीनं राहणं तुला जमत नाही. चल लातूरला. उदगीरचं एक स्थळ आलंय, तेही बघून घेऊ."

मी हातापाया पडले. म्हटलं, दोन दिवस माझ्याबरोबर मुळशीला तंबूत राहायला चला. सगळी व्यवस्था मी करते. नीट झालं तर मी पुण्यात, नाही झालं तर सोमवारी तुमच्याबरोबर गाडीत. बाबा म्हणाले, "ठीक आहे." झालं! माझं सगळं पुणं त्या दोन दिवसांवर येऊन बसलं.

मग काय, मी कंबर कसली. ऑक्टोबरातली मुळशी म्हणजे लहरी बाई. सकाळी दातावर दात वाजवणारं धुकं, दुपारी कातडं सोलणारं ऊन, आणि चारच्या सुमारास ताम्हिणीवरून कधी काय चाल करून येईल, नेम नाही. म्हणून स्वेटर, टोप्या, छत्र्या, सुतळी, ताडपत्री घेतली, काड्यापेट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळल्या आणि कोरड्या कपड्यांचं वेगळं बोचकं बांधलं. तिथल्या राजाबाईंच्या माळावर तंबू ठोकला. त्यांच्या शेळ्या तिथे चरायच्या. त्यांनी आभाळाकडे बघून ग्वाही दिली, "आज न्हाई यायचा पाऊस. निवांत ऱ्हावा तुमी." तरीही मी तंबूभोवती चर खणला आणि त्याचं तोंड शेजारच्या ओढ्याकडे काढून दिलं.

मग आईबरोबर विहिरीवर पाणी आणायला गेले. परत येते तर काय, बाबा कुदळ घेऊन घामाघूम! चराच्या तोंडाशी त्यांनी दगडमातीचा छान टुमदार बांध घातलेला.

"एवढं पाणी ओढ्यात कामून सोडायचं? इथंच अडव, इथंच जिरू दे."

बाबा कृषी सहायक म्हणून रिटायर झालेले. दुष्काळी गावांतून पाणी अडवा, पाणी जिरवा, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. मुळशीत पाणी अडवायचं नसतं, त्याला हात जोडून वाट द्यायची असते, हे त्यांना कोण सांगणार? मी तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की माझ्याच्याने बोलवलंच नाही.

चार वाजता ताम्हिणीकडून काळेकुट्ट ढग आले आणि आभाळ फाटलं. तोंड बांधलेला चर काठोकाठ भरला, खालच्या कोपऱ्यात फुटला, आणि सगळं पाणी उतारावरच्या शेजाऱ्यांच्या तंबूत!

"दिग्विजय, अरे कुणी केलं रं हे?" मागून त्या मुलाची आई, सगुणाबाई, भिजलेली वळकटी घेऊन आल्या. "गादीचा पार लगदा झाला की!"

बाबा उठले. इतका ओशाळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"मी केलं," मी पटकन म्हटलं. "चर मी खणला होता. चुकला माझा. सॉरी काकू, आत या ना, चहा टाकते आई."

आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. आणि मला उदगीर अगदी समोर दिसायला लागलं.

मी कुदळ उचलून बाहेर पडले. मागोमाग दिग्विजय आलाच. न विचारता त्याने ते पातेलं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि बांधाचे दगड उपसायला लागला.

"दुपारी कुदळ तुमच्या बाबांच्या हातात होती," दगड फेकता फेकता तो म्हणाला.

"तुम्ही चुकीचं पाहिलंत."

"ते स्वतःशीच 'जिरंल, जिरंल' म्हणत होते. तेही चुकीचं ऐकलं?"

मी वाकून दगड उचलायला लागले. पातेल्यावर पाऊस ताडताड वाजत होता.

"खोटं का बोललात?"

"त्यांनी अडवलेल्या पाण्यावर आमच्याकडे गावंच्या गावं जगतात," मी कुदळ चिखलात रोवली. "चार परक्या माणसांसमोर त्यांना मान खाली घालायला लावू? त्यापेक्षा मी जाते लातूरला."

"लातूरला… म्हणजे?"

मग मी सांगून टाकलं. डेंग्यू, स्थळ, सोमवारची गाडी, सगळं. ओळख ना पाळख, आणि मी चिखलात उभी राहून त्याला माझं अख्खं पुराण ऐकवत होते! तो मात्र हातातला दगड खाली टाकायचाही विसरून ऐकत होता.

"म्हणजे आमची नुसती गादी गेली," तो हळूच म्हणाला. "तुमचं तर…"

"हं."

"तुम्ही नेहमी इतकं चांगलं खोटं बोलता?"

"नाही. क्वचित. का?"

"नाही, पुढे लक्षात ठेवायला बरं."

"पुढे म्हणजे कुठे?"

तो एकदम आभाळाकडे बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते! तेवढ्यात माझा पाय घसरला, त्याने हात धरला… आणि मग सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. चिखलच तसा होता, असं आपण म्हणू.

चराचं तोंड मोकळं झालं, पाणी ओढ्याकडे धावलं, आणि गंमत बघा, पाऊसही थांबला. लख्ख पिवळं ऊन पडलं. राजाबाई शेळ्या हाकत आल्या.

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होता येणार नाही!" दिग्विजय ओरडला.

"न्हाईच येनार व्हता," राजाबाई ठसक्यात म्हणाल्या. "आला ती त्येची चूक."

आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो, की माझ्या डोक्यावरचं पातेलंच खाली पडलं. त्याने ते उचललं, पण परत ठेवलं नाही. म्हणाला, "राहू दे. चेहरा दिसत नव्हता."

इश्श! आता यावर काय बोलायचं?

दिवेलागणीला सगळे आमच्याच तंबूत जेवायला बसलो. गगनबावड्याच्या सगुणाबाई आणि औशाची माझी आई, दोघींचं बोलता बोलता मेतकूट जमलं. दिग्विजय पिरंगुटला एका कंपनीत इंजिनीअर आहे, हे तर मला न विचारताच कळलं. बाबा मात्र भाकरी नुसती चिवडत होते. शेवटी त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"सगुणाताई, चर माझ्या मुलीनं बरोबर खणला होता. तोंड मी बुजवलं. तुमचं नुकसान माझ्यामुळं झालं."

"काय सांगता काका!" दिग्विजय डोळे मोठे करून म्हणाला. इतका भिकार अभिनय मी आजवर पाहिला नाही.

बाबा माझ्याकडे वळले. "आणि तू? आजारपण लपवलंस, मला काळजी नको म्हणून. आज दोष अंगावर घेतलास, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. हिला सांभाळायला कुणीतरी पाहिजे, असं मला वाटायचं. तू तर मलाच सांभाळायलीस गं." ते थांबले, खाकरले. "राहा पुण्यात. पण यापुढं मला खरं सांगायचं. ताप असो, नाहीतर आणखी काही असो."

मी बाबांच्या गळ्यातच पडले. रडू काही थांबेना. सगुणाबाईही उगाचच पदराने डोळे पुसत होत्या.

सकाळी धुकं इतकं दाट, की रस्त्यावरची एसटी दिसायच्या आधी ऐकू आली. दिग्विजय आमची बोचकी घेऊन पोचवायला आला होता, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात राजाबाईंची वहाण घालून. वाटभर तो धुक्यावर बोलला, उन्हावर बोलला, वाऱ्यावरही बोलला. बाकी एक शब्द नाही. आई-बाबा गाडीत चढले. मी पायरीवर पाय ठेवला.

"अहो ज्ञानदा…"

"काय?"

"काही नाही. ते… स्वेटर नीट घाला. गार आहे."

हात्तिच्या! आता मीच काहीतरी करायला हवं होतं. मी पायरीवरून खाली उतरले.

"ऐक."

तो गोंधळला. "ऐका म्हणायचंय का?"

"नाही. ऐक म्हणायचंय. मला तू आवडतोस, दिग्विजय. कालपासून. पुढच्या रविवारी हिंजवडीला येशील?"

त्याच्या चेहऱ्यावर जे काही झालं ना… ते धुक्यातूनही दिसलं.

"मी रात्रभर हेच जुळवत होतो गं," तो अडखळत म्हणाला, "आणि तू सरळ… येईन. नक्की येईन. पण पाऊस असला तर?"

"तर भिजत ये."

"ताई, चढताय का?" कंडक्टर ओरडला. मी धावत चढले आणि धपकन बाबांच्या शेजारी बसले.

"काय म्हणालीस त्याला?" बाबांनी विचारलं.

खरं सांगायचं ठरलं होतं. मी डोळे मिटून घेतले. "रविवारी ये म्हणाले, बाबा. पाऊस असला तरी, भिजत ये म्हणाले."

गाडी हलली. बाबा उठले, खिडकीची काच खडखडत वर केली, अर्धे बाहेर वाकले आणि धुक्यात हाक मारली,

"ओ पाहुणे! भिजत कामून? छत्री घेऊन या!"