आक्काचे दहा लाख प्रेक्षक

त्या वर्षी महाराष्ट्रात एकूण सात चित्रपट निघाले आणि सातही चालले. चित्रपट पडणं हा प्रकारच आता उरला नव्हता. पडणारा चित्रपट जन्मालाच येत नसे, मग पडणार कुठून!

ही किमया प्रतिप्रेक्षकांची. खऱ्या माणसांचं हसणं, रडणं, कंटाळणं वर्षानुवर्षं नोंदवून संगणकात घडवलेली ही दहा लाख मनं. पटकथा आणि दृश्यांची रेखाटनं दिली, तरी यंत्र त्यातून चित्रपट काही काढत नसे. चित्रपट पाहून माणसाच्या मनात काय झालं असतं, तेवढंच ते या मनांत घडवून आणी. शेवटी दोन आकडे निघत. एक गल्ला आणि दुसरा रसांक, म्हणजे चित्रपट मनात किती खोल उतरला त्याचं माप. गल्ला खर्चाच्या दुप्पट दिसला तरच थिएटर मिळे.

कोल्हापूरचे सर्जेराव मोहिते सत्तरीला टेकलेले दिग्दर्शक. त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीवर, हौसाक्कावर, पटकथा लिहिली होती. आक्कानं तीस वर्षं शूटिंगवर सगळ्या युनिटला जेवू घातलं. खर्चाला कात्री लागली की पहिली तिच्याच चुलीला लागायची, तरी तिनं कुणाला उपाशी उठू दिलं नाही. पण एकाही चित्रपटाच्या नामावलीत तिचं नाव आलं नाही. स्पॉटबॉयचं आलं, अहो, कुत्र्याचंसुद्धा आलं! ती गेली तेव्हा स्मशानात जेमतेम नऊ माणसं होती. सर्जेरावांच्या काळजात ते सलत राहिलं होतं.

चाचणी संपल्यावर डॉ. केतकी सबनीस स्वतः कागद घेऊन बाहेर आल्या. हे यंत्र त्यांनीच घडवलेलं.

"मोहितेसाहेब, रसांक अठ्ठ्याण्णव. एवढा आजवर कुणाला मिळाला नाही."

"आणि गल्ला?"

"दोनशे चौदा माणसं येतील."

"कोल्हापुरात?"

"सगळ्या महाराष्ट्रातून."

सर्जेराव कसनुसं हसले. "एवढी चांगली चीज हाय, मग लोक का येणार न्हाईत, बाई?"

"माणसाला दारापर्यंत जाहिरात आणते, नटाचं नाव आणतं. ते पैशानं मिळतं. आत बसल्यावर जे होतं ते मिळत नाही. वीस वर्षांचे आकडे आम्ही ताडून पाहिले, खर्चाचा आणि रसांकाचा काडीचा संबंध नाही. प्रतिप्रेक्षकांना आम्ही थेट आत बसवतो, म्हणून त्यांना कळलं."

"म्हंजे धा लाख जणांनी माझी आक्का बघितली?"

"हो. आणि चित्रपट संपला की ते आपोआप थांबतात, या वेळी थांबलेच नाहीत. आमचंच काहीतरी चुकलं असेल."

"आत्ता काय करत्यात?"

केतकीबाई घुटमळल्या. "तिची आठवण काढताहेत. पण ते नुसतं गणित आहे हो, त्यांना जाणीव नाही. तुम्ही निकालावर सही केलीत की आम्ही पुसून टाकू. एक चित्रपट पाहिलेला प्रेक्षक पुढच्या चाचणीला चालत नाही."

सर्जेरावांनी या चित्रपटासाठी घर विकून साठ लाख उभे केले होते. थिएटर नाही तर नाही, तेवढ्या पैशांत चित्रपट काढून गावोगावी पडदा बांधता आला असता. माणसं दोनशे चौदाच, पण हाडामांसाची! केतकीबाईंनी तेच सुचवलं. "काढाच तुम्ही. पहिल्या खेळाला मी येईन."

सर्जेरावांनी सहीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "यंत्र असंच चालू ठेवायचं तर दिवसाला काय पडतं?"

"दीड लाख."

"मग चाळीस दिवस ठेवा."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? कुणासाठी?"

"दोनशे चौदा माणसं मिळवायची तर मला धा लाख पुसायला लागत्यात, बाई. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

केतकीबाईंना पुन्हा एकदा सांगायचं होतं, की ते नुसतं गणित आहे. पण त्यांनी सगळे साठ लाख भरून घेतले.

हौसाक्काचा चित्रपट निघाला नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी यंत्र रिकामं झालं. सर्जेराव भाड्याच्या खोलीवर परतले, डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि तेरा दिवस सुतक धरून बसले. शेजारची बाई भाकरी द्यायला आली, तिनं हळूच विचारलं, "कोण गेलं हो, काका?"

सर्जेरावांना एकाचंही नाव सांगता येईना.