तीन नंबरची अकरा मिनिटं

हसू नका रे. तुम्ही सगळे कंप्युटरवाले, म्हणूनच सांगतोय. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय हे. आम्ही त्याला रॉकेट म्हणायचो, कारण गड्याला थांबणं ठाऊकच नव्हतं.

एका शीतगृहाचं काम त्याच्याकडे आलं. तिथला प्रोग्रॅम तीस वर्षं जुना. रोज रात्री तो दुसऱ्या दिवशीच्या मालाची यादी करायचा आणि शेवटी खोल्यांची दारं एकेक करून बंद करायचा. तो नव्या यंत्रणेवर न्यायचा होता. रॉकेटने नेला. पण जुन्यावर जे चार तासांत उरकायचं, त्याला नव्यावर सहा लागायला लागले, आणि पहाटे पाचला ट्रक दारात! साहेबांनी सरळ सांगितलं, "गुरुवारपर्यंत जमलं नाही तर शुक्रवारी येऊ नकोस." घरी बायकोला आठवा महिना. रॉकेटच्या तोंडचं पाणी पळालं.

रखडण्याचं कारण त्याने हुडकलं. नवा प्रोग्रॅम एकेक नोंद वेगळी मागत होता, प्रत्येक खोक्यासाठी गोदामात नवी फेरी मारावी तसा. त्याने हजार-हजार नोंदी एकदम उचलायला लावल्या. सहा तासांची पन्नास मिनिटं झाली! एकच खोडा उरला. तीन नंबरचं दार लावण्याआधी प्रोग्रॅम अकरा मिनिटं नुसता थांबायचा. तिथे जुन्या प्रोग्रॅमरने लिहून ठेवलं होतं: 'घाई करू नका. तो बाहेर येतोय.'

रात्रपाळीचा रखवालदार म्हणाला, "राहू द्या ना साहेब ते. तीन नंबरात एक हमाल अडकून मेला होता. हे लिहिणारेही आता नाहीत."

"मेलेल्याला कसली आलीय सवड?" म्हणत रॉकेटने ते सगळं खोडलं.

डिसेंबरातला दुसरा गुरुवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. यादी झाली, दारांची पाळी आली. तीन नंबरचं तापमान मात्र पडद्यावर दिसेना. वायर सुटली असेल, म्हणून हा उठला. अकरा मिनिटं आहेत की हाताशी, असं मनात म्हणाला आणि आत शिरला. ती आपणच खोडलीत, हे त्याच्या डोक्यातच नाही.

मागे दार लागलं.

आतली कडी गोठलेली. फोन बाहेर टेबलावर. त्याने दार बडवलं, रखवालदाराला हाका मारल्या... हाका आतच राहिल्या. बोटं बधिर झाली. बायको आठवली. तो लहान मुलासारखा रडला.

मग बडवायचा थांबला.

बडवणं थांबलं नाही.

मागून... खोक्यांच्या पलीकडून... ठक... ठक...

मग तेही थांबलं. मानेवर गार श्वास.

...

दार उघडलं.

रॉकेट धडपडत बाहेर आला. दोन वाजून एकवीस. रखवालदार लांब फाटकावर, त्याला काहीच पत्ता नाही. दाराला कुणाचा हात लागलेला नाही. रॉकेट टेबलाशी आला, पडद्याकडे बघितलं. खोडलेली ओळ जागच्या जागी होती.

'घाई करू नका. दोघं बाहेर येताहेत.'