डॉक्टरांच्या गाडीची दोन झाकणं

नाझारेना, आमादेओ आणि सिरो या तिन्ही नातवंडांचं तळ्यावर पोहायला जायचं ठरलं होतं. सायकलींत हवा भरून झाली होती, आमादेओने टॉवेल गुंडाळले होते आणि सिरोने सगळ्यांच्या वाटणीच्या खिमा भरलेल्या करंज्यांपैकी, म्हणजे एम्पनादांपैकी, दोन 'खराब तर नाहीत ना बघतो' म्हणून आधीच तपासल्या होत्या. एवढ्यात दाताचे डॉक्टर इतुराल्दे आजोबांच्या कारखान्यात शिरले आणि त्यांनी बाकावर दोन काळी झाकणं धाडकन ठेवली.

"ही माझी नाहीत," ते म्हणाले.

डॉक्टरांना समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची सवय होती. त्यामुळे उत्तर ऐकायची सवय त्यांना फारशी नव्हती.

"राजधानीतून माणूस आणला होता. त्याने नखाएवढा रंग खरवडून बघितला. हे अ‍ॅल्युमिनियम आहे, ओव्हिडिओ. भंगारात कुठेही मिळतं. माझ्या इंजिनावरची झाकणं मॅग्नेशियमची होती, याहून हलकी. शर्यतीच्या गाडीची. ती कुणाला विकलीत?"

नाझारेनाने आजोबांकडे पाहिलं. ओव्हिडिओ आजोबा पन्नास वर्षं जुन्या गाड्यांच्या इंजिनाचे भाग नव्यासारखे करून देत होते. गंज उतरवायचे, रंग काढायचे, नवा चढवायचे. गावात त्यांच्याशी भांडलेली माणसं पुष्कळ होती, पण त्यांना चोर म्हणणारं कुणी नव्हतं. आता ते काहीतरी सणसणीत बोलतील म्हणून ती वाट पाहत राहिली. पण ते प्लॅस्टरमधला उजवा हात मांडीवर ठेवून नुसते झाकणांकडे बघत बसले.

"रविवारी चौकात सगळ्या जुन्या गाड्या जमतायत," डॉक्टर म्हणाले. "तोवर झाकणं परत आली तर ठीक. नाही तर मी क्लबसमोर नाव घेऊन सांगणार." आणि ते निघून गेले.

तो गुरुवार होता. तळ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

"आजोबा, तुम्ही गप्प का बसलात?" नाझारेनाने विचारलं.

"काय बोलू? खरं बोलतायत ते." आजोबांनी डाव्या हाताने एक झाकण उचललं. "फेर्मीनकडून परत आली तेव्हाच मला जड लागली होती. वाटलं, एक हात मोडला तसा दुसराही गेला. म्हातारपणी सगळंच जड लागतं."

नाझारेनाने दाराबाहेरच्या सायकलीकडे पाहिलं. कारण फेर्मीनच्या मुलाम्याच्या दुकानात झाकणं नेली होती तिनेच, आणि परत आणलीही होती तिनेच. एरवी आजोबा जुना रंग लाकडी पट्टीने स्वतः खरवडून काढत. यंदा मनगट मोडलं म्हणून काम बाहेर गेलं. जाताना सायकलीपुढची टोपली टणटण उडत होती. येताना मात्र पुढचं चाक इतकं जड झालं होतं की रेल्वेच्या फाटकापाशी ती आपटली होती आणि दोष तिने बिचाऱ्या सायकलीला दिला होता. मग तिने आजोबांच्या देखरेखीखाली त्यांवर सुकताना सुरकुत्या पडणारा काळा रंग दिला, स्वैपाकघरातल्या भट्टीत भाजला, आणि त्या दिवशीच्या कोंबडीला रंगाचा वास आला म्हणून बोलणीही खाल्ली.

"म्हणजे अदलाबदल फेर्मीनकाकाकडे झाली," आमादेओ म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता आणि आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं असा चेहरा करण्यात पटाईत होता. "त्याने चोरली."

"फेर्मीन आळशी आहे, चोर नाही," आजोबा म्हणाले. "चोरीला कष्ट पडतात."

त्या गावात दुपारी एक ते पाच कुणीही जागं नसतं. जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हात रस्ते ओस पडतात, दुकानांची शटरं खाली येतात, आणि या वेळात चोरानेही चोरी करू नये असा एक शिष्टाचार आहे. जागी असतात ती फक्त सुटीतली पोरं.

शुक्रवारी अडीच वाजता तिघं फेर्मीनच्या मागल्या अंगणात उतरली. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला. तोही त्याच गावचा होता.

अंगणात रंग-गंज उतरवायच्या दोन टाक्या होत्या. एकीत कॉस्टिक सोडा, दुसरीत अ‍ॅसिड. "हात लावायचा नाही," नाझारेनाने सिरोला बजावलं. "डोळेसुद्धा लांबून."

"डोळे लांबूनच असतात," सिरो म्हणाला. "जवळून नाक असतं."

टाक्यांच्या शेजारी गाळाचं पिंप होतं. टाकी साफ केली की तळाचा चिखल फेर्मीन त्यात ओतायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरायचा. आमादेओने काठीने चिखल ढवळला. काठीच्या टोकाला काहीतरी टणक लागलं. त्याने एकेक करून बाहेर काढल्या: बोटात मावतील अशा छोट्या कड्या. पाण्याने धुतल्या तर त्या गुलाबीसर दिसायला लागल्या.

"पितळेच्या आहेत," आमादेओ पुटपुटला. "अ‍ॅसिडने वरचं जस्त खाल्लं की पितळ असं गुलाबी होतं." हे त्याला खरोखरच ठाऊक होतं, म्हणून या वेळी त्याने चेहरा केला नाही.

कड्या आठ होत्या. एका झाकणाला बोल्टची भोकं चार, आणि प्रत्येक भोकात आजोबांनी पूर्वी एकेक पितळी कडी बसवली होती. परत आलेल्या झाकणांत त्या नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

कारखान्यात आजोबांनी कड्या तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिल्या.

"म्हणजे विकली नाहीत, लपवलीही नाहीत," ते म्हणाले. "विरघळली. मॅग्नेशियम सोड्यात दिवसभर टाका, काही होत नाही. अ‍ॅसिडमध्ये टाकलं की साखरेसारखं जातं. आता ती परत आणायचा प्रश्नच उरला नाही."

"पण आपण डॉक्टरांना कड्या दाखवू ना," सिरो म्हणाला.

"दाखवल्या तर म्हणतील, म्हाताऱ्याने कड्या काढून टाकल्या आणि झाकणं विकली. झोपा जा."

"आजोबा, पाच वाजलेत. सगळे आत्ता उठतायत."

"मग उठलेलेच राहा," असं म्हणून आजोबांनी कारखान्याचं शटर खाली ओढलं. शुक्रवारी पाच वाजता, गाव उघडत असताना, ते शटर खाली आलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आमादेओने हळूच विचारलं, "तू सोड्याचं सांगितलं होतंस ना फेर्मीनला?"

आजोबांनी नाझारेनाला दारात दोनदा बजावलं होतं, सोडा, सोडा, आणि चिठ्ठीही दिली होती. पण फेर्मीनच्या दुकानात रेडिओवर फुटबॉलचा सामना होता, वाटेत घेतलेलं आइस्क्रीम हातावर ओघळत होतं, आणि आता आठवायला गेलं की फक्त आइस्क्रीम आठवत होतं. आपण सांगितलंच नसेल तर? मग फेर्मीनचा काही दोष नाही, आणि डॉक्टर चौकात नाव घेतील ते आजोबांचं, पण घ्यायला हवं तिचं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सिरोने तिचंही संपवलं, पण न विचारता, म्हणजे प्रेमाने.

शनिवारी सकाळी तिने डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार वाजवलं. "पाच मिनिटं माझ्याबरोबर चला. काही बोलू नका, नुसतं ऐका."

"नुसतं ऐकू?" डॉक्टरांना ही कल्पना नवीन होती. पण ते निघाले.

फेर्मीनच्या दुकानाच्या दाराला माश्या अडवायला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता. नाझारेना आणि डॉक्टर बाहेर भिंतीला चिकटून उभे राहिले. आमादेओ आत गेला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक गाठोडं होतं; त्यात त्याच्या आईच्या दोन जुन्या केकच्या थाळ्या होत्या.

"फेर्मीनकाका, खुशखबर. डॉक्टरांची खरी झाकणं सापडली. आजोबांच्या माळ्यावरच होती. म्हटलं तुम्हाला दाखवावीत."

"कसली झाकणं?"

"मॅग्नेशियमची. ही काय."

आत कुणीतरी रेडिओ बारीक केला.

"चल, काहीतरीच," फेर्मीनचा आवाज आला. "शक्यच नाही."

"का? माळ्यावर असू शकत नाहीत?"

"असतील कुठून? ती तर टाकीतच..." आणि तो थांबला.

पट्ट्या बाजूला सारून डॉक्टर आत गेले. फेर्मीन त्यांच्याकडे, मग गाठोड्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिला आणि शेवटी उलट्या बादलीवर बसला. खोटं रेटायलाही कष्ट पडतात.

"दहा मिनिटांसाठीच टांगली होती, डॉक्टर. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली. जेवलो, जरा आडवा झालो. उठलो तर पाच वाजलेले आणि तारेवर काहीच नाही. साध्या गाडीची झाकणं तश्शीच दिसतात. भंगारवाल्याकडे मिळाली. वाटलं, वर रंगच तर बसणार आहे, कुणाला कळतंय."

"पण अ‍ॅसिडमध्ये का?" नाझारेनाने पडदा सारून आत येत विचारलं. "मी तुम्हाला सोड्याचं सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतंस की. दोनदा. चिठ्ठीसुद्धा दिलीस, आइस्क्रीम लागलेली. पण सोड्याची टाकी तापायला अर्धा तास लागतो, पोरी. वर बायको हाका मारत होती. अ‍ॅसिड आपलं तयारच असतं."

नाझारेना दाराच्या चौकटीला टेकली.

डॉक्टरांनी स्वतः वाकून आजोबांचं शटर वर केलं. त्यांच्या पांढऱ्या कोटाला ग्रीस लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. "ओव्हिडिओ, मी तुम्हाला चोर म्हणालो. उद्या चौकात, सगळ्यांसमोर, ते परत घेणार आहे. या तिघांची नावं घेऊन. माझ्या राजधानीच्या तज्ज्ञाला जे जमलं नाही ते यांनी केलं." मग त्यांनी एकेकाशी मोठ्या माणसांशी करतात तसं हस्तांदोलन केलं. सिरोचा हात तेलकट होता, तेही चालवून घेतलं.

"आणि झाकणं?" आजोबांनी विचारलं.

"मिळतील का कुठे?"

"नाही. तशा गाड्या बनल्याच होत्या मोजक्या. ही जड लावून फिरवा. चालेल. पण तुमची गाडी पूर्वीची राहिली नाही, डॉक्टर, आणि आता होणारही नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली. दोन वस्तू जगातून कायमच्या गेल्या होत्या, आणि त्या एका दुपारच्या जेवणापायी गेल्या होत्या.

"तरी मी राजधानीत विचारून बघतो," डॉक्टर जाता जाता म्हणाले. "काही कळलं तर कुणाबरोबर निरोप धाडू?"

आजोबांनी प्लॅस्टरमधला हात नाझारेनाच्या खांद्यावर ठेवला. चांगलाच जड होता.

"हिच्याजवळ सांगा," ते म्हणाले. "ही निरोप नीट पोचवते."