दोन्ही डावे बूट

"अहो... हे दोन्ही डाव्या पायाचे आहेत."

काउंटरपलीकडचा माणूस बूट उंचावून हसत होता. गंमत म्हणजे, हे सांगायला तो आला होता खेळ संपल्यावर!

बोलिंगच्या त्या हॉलचा नियम साधा होता. आपली पादत्राणं काउंटरवर ठेवायची, हॉलचे गुळगुळीत तळव्यांचे बूट घालायचे आणि मगच खेळायला जायचं. बूट द्यायचं काम मालकांच्या धाकट्या लेकीकडे. तिच्या तोंडाचा पट्टा असा, की गिऱ्हाईक सहसा तिच्या वाटेला जात नसे.

"मग खेळायच्या आधी तोंडाला कुलूप होतं का?" तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच बदलून दिले असते. मग परत यायला कारण काय उरलं असतं?"

तिनं बूट त्याच्या हातातून हिसकावून घेतले आणि चिडून काउंटरवर आदळले.

तो बस चालवायचा. ड्यूटी संपली की हॉलवर यायचा. ते दोन डावे बूट तिनं खालच्या खणात खास त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. तो येताच ती मुद्दाम तेच पुढे सरकवायची... आणि तो निमूटपणे घालायचा.

"बसही अशीच चालवता का? मग प्रवाशांचं कठीण आहे."

"एकदा बसून बघा ना! अगदी माझ्या मागची सीट देतो."

"मागची कशाला? मी पुढे बसेन," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलून गेलो म्हणून उगाचच फीत बांधत खाली वाकली. ती खरोखर त्याच्या प्रेमात पडली होती. स्वतःशी तरी ते नाकारण्यात काही अर्थ नव्हता.

घरात कळलं तेव्हा दादानं आकाशपाताळ एक केलं. "बसवाला? आपल्या घरात?"

"घरात नको असेल तर राहू दे," ती म्हणाली. "मी त्याच्या घरी जाईन."

बाबा नुसते चष्मा पुसत राहिले.

त्या रविवारी ती बुटांच्या नव्या फिती आणायला बाजारात गेली होती. परतली तर सगळे खेळणारे मधल्या लेनभोवती गोळा झालेले. चेंडू हातात घेऊन तो उभा, शेजारी दादा, आणि गुणांच्या पडद्याखाली बाबा.

"काय चाललंय?"

"तुझंच चाललंय," दादा म्हणाला. "हा तुझ्याविषयी बोलायला आला होता. मी म्हटलं, आधी मला हरव. जिंकलास तर बोलणी, हरलास तर या हॉलची पायरी चढायची नाही. कबूल केलंय त्यानं. आता शेवटचा चेंडू राहिलाय."

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. दादाचं एक वेळ ठीक, पण...

"तू हो म्हणालास?"

"मला वाटलं... तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी? मग मला विचारायचं कसं राहिलं? मी काय कपाटातला करंडक आहे? जो जिंकेल त्यानं उचलून न्यायचा?"

त्यानं मान खाली घातली. "चुकलो," एवढंच म्हणाला.

समोर फाउलची लाल रेष होती. ती ओलांडली की भोंगा वाजतो. पलीकडे लाकडाला तेल लावलेलं असतं. तिथे बाहेरच्या चपला घालून जाणं म्हणजे या घरातलं सगळ्यात मोठं पाप! लहानपणी एकदाच केलेलं आणि त्यापायी पाठीत धपाटा खाल्लेला.

ती चपलांसकट आत गेली. जपून पावलं टाकत, थेट लेनच्या मधोमध. भोंगा ठणाणा करू लागला.

"चपला!" बाबा ओरडले. "अगं, बाहेरच्या चपला!"

"सामना संपला," ती भोंग्याच्या वर आवाज चढवून म्हणाली. "मला कोण हवंय ते मी सांगते. हाच हवाय. जिंकला तरी हाच, हरला तरी हाच. आणि तू रे, पुन्हा माझ्यावरून पैज लावलीस, तर तूही नको!"

त्यानं चेंडू खाली ठेवला आणि तिच्या दिशेनं रेष ओलांडली. तेलावर पाय पडला मात्र, धपकन बसलाच. सगळा हॉल खो खो हसला. तीही.

"फाउल," तो बसूनच म्हणाला. "म्हणजे... मी हरलो."

"हरलास."

"आता तुला विचारू?"

"विचार. पण उठू नकोस, परत पडशील."

"माझ्याशी... लग्न करशील?"

"करेन."

"अरे, पण हा हरलाय!" दादा तडकला. "या हॉलची पायरी—"

"तो नाही चढणार," ती म्हणाली. "मीच उतरेन."

बाबा रेषेपाशी आले. "आधी चपला काढ. मग काय ते बोल."

तिनं चपला काढल्या, अनवाणी चालत आली आणि त्यांच्या हातात दिल्या. "ह्या घ्या. माझं बोलून झालंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तेलात बसलेल्या त्याच्याकडे, मग त्याच्या पायांतल्या त्याच दोन डाव्या बुटांकडे. ते काउंटरवर गेले. गिऱ्हाइकाच्या ठेवतात तशा तिच्या चपला त्यांनी खणात नीट ठेवल्या.

परत येताना त्यांच्या हातात बुटांचा जोड होता. त्यांनी तो त्याच्यापुढे ठेवला. एक डावा, एक उजवा.