छोट्या तबकडीची दुसरी बाजू

यशोधरा गेली त्या दिवशी सकाळी घरात भांडण झालं होतं. मोठं नाही. तिने नवऱ्याला, कल्याणला, न विचारता एक रेकॉर्ड शाळेतल्या मैत्रिणीला ऐकायला दिली होती आणि ती चरा पडून परत आली होती.

"विचारायचं तरी होतंस," कल्याण म्हणाला.

ती चपला घालत होती. "आज खरं भांडण झालं बघा! संध्याकाळी छोट्या तबकडीची दुसरी बाजू लावायची. ठरलं." आणि हसत गेली.

दुपारी त्याला कारखान्यात शाळेतून फोन आला. शिकवता शिकवता ती फळ्यापाशीच खाली बसली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

ती छोटी तबकडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची.

यशोधरा गणिताची शिक्षिका. कोपरगावला नोकरी लागली तेव्हा तिने एका घराची वरची खोली भाड्याने घेतली. खाली कल्याण एकटा राहायचा, साखर कारखान्यात फिटर. त्याचे मामा बोटीवर कामाला होते. ते वारले तेव्हा भाच्याच्या वाट्याला एक रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर ब्लूजच्या रेकॉर्ड आल्या. अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं हे गाणं, कापसाच्या शेतातून आलेलं. कल्याणला शब्द अर्धेच कळायचे. पण गाणारा खोटं बोलत नाही, एवढं कळायचं.

एका रविवारी जिना उतरताना ती त्याच्या दारात थांबली. केस नुकते धुतलेले, खांद्यावर टॉवेल.

"अहो, एक विचारू? तो माणूस आजारी आहे का?"

"कोण माणूस?"

"तुमच्या घरात रोज गातो तो."

छोटी तबकडी फिरत होती. सगळ्यात लाडकी. तिच्यावरचा कागद फाटलेला, गाणाऱ्याचं नाव गेलेलं. आवाज मात्र खोल विहिरीतून आल्यासारखा.

"आजारी नाही," कल्याण जरा घुश्शातच म्हणाला. "दुःखात आहे."

"दुःखात श्वास घ्यावा लागत नाही का? माझे वडील पुणतांब्याला भीमगीतं गातात, मी लहानपणापासून कोरसला उभी राहिलेय. एवढा लांब दम कुणालाच नसतो हो. तुमचं मशीन हळू फिरतंय." तिने कान दिला. "आणि हा माणूस नाहीये... बाई आहे."

"काहीतरीच!"

"मग बघा दुरुस्त करून."

मोठ्या रेकॉर्ड ज्या वेगाने फिरतात, त्याच वेगाने तो छोटीही फिरवत आला होता; छोटीला खरं तर जास्त वेग लागतो. वेग बदलायची कळ मामांच्या वेळेपासून अडकलेली. कारखान्यातली यंत्रं उघडणाऱ्या कल्याणने घरातली ती कळ कधी हलवून पाहिली नव्हती. आता हलवायची भीती वाटू लागली. मामा गेल्यापासून तो आवाज सोबतीला होता. तोच गेला तर?

पण त्या निमित्ताने ती दर रविवारी येऊ लागली.

"झाली का दुरुस्त?"

"तेल आणायचंय अजून."

"फिटरच्या घरात तेल नाही... बरं! मग दुसरं काही लावा."

मग तो एकेक रेकॉर्ड काढायचा. एक जण गिटारच्या तारांवर बाटलीची काच फिरवायचा आणि तारा माणसासारख्या कण्हायच्या. दुसऱ्याचा माउथ ऑर्गन ऐकताना लांबून मालगाडी येतेय असं वाटायचं. ती डोळे मिटून ऐकायची. गाण्याकडे लक्ष आहे असं दाखवत तो तिच्या पापण्यांकडे बघायचा.

"एकच ओळ दोनदा का म्हणतात हे लोक?" तिने एकदा विचारलं.

"पहिल्यांदा दुसऱ्याला सांगायला. मग स्वतःला पटवायला."

"आणि तिसरी ओळ?"

"तिसरी उत्तराची."

शेवटी एका रविवारी त्याने तिच्यासमोरच प्लेअर उघडला. कळीला तेल सोडलं, हळूहळू हलवत सैल केली. छोटी तबकडी ठेवली, सुई टेकवली...

बाई होती. तरणीताठी, ठसकेबाज. ओळ संपली की ऐटीत श्वास घ्यायची, जशी काही आत्ता हसेल.

कल्याण बघतच राहिला. "इतकी वर्षं मी हिला उगाच म्हातारा केलं."

यशोधरा इतकी हसली की तिला ठसका लागला. पाण्याचा तांब्या देताना त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला तुम्ही आवडता."

ती पाणी प्यायली. पदराने तोंड पुसलं. "ब्लूजमध्ये दोनदा म्हणतात ना?"

"मला तुम्ही... आवडता."

"तिसरी ओळ माझी," ती म्हणाली. "पुणतांब्याला या. आणि हिला घेऊन या."

तिचे वडील पुंजाराम पूर्ण गाणं मान डोलवत ऐकत बसले. मग म्हणाले, "बाई लई दमाची हाय. पन एकटीच गाती व्हय? हिला कोरसला कुनी न्हाई का?" आणि पुढच्या ओळीला स्वतःच कोरस धरला. कल्याणला होकार कळला तो असा.

दुसरी बाजू बाईच्या खऱ्या आवाजात अजून दोघांनीही ऐकली नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याने तबकडी उलटी करायला घेतली, तर यशोधराने हात धरला. "दुसरी बाजू राहू दे. आपलं खरंखुरं भांडण होईल ना, त्या दिवशी लावू."

पुढे दोघांत कुरबुरी पुष्कळ झाल्या. पण तो पेटीकडे निघाला की तिला हसू फुटायचं. "थांबा, हे एवढं मोठं नाहीये!" आणि तिथेच मिटायचं.

शेवटचं तेवढं मोठं होतं, असं तीच म्हणाली होती. त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं आणि कुणी पेटीला हात लावला नाही.

कल्याण आता रविवारी मोठ्या रेकॉर्ड ऐकतो, ती चरा पडलेलीसुद्धा. सुई चऱ्यावर अडखळते तेव्हा तो उठत नाही. छोटी तबकडी पुसतो आणि ठेवून देतो. सासरे आले की विचारतात, "लावली का रं?"

"अजून नाही."

कळ सैल आहे, सुई नवी आहे. दुसरी बाजू ऐकायची राहिली आहे.