सेवेतील

अमृतकुंड ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची वसाहत. तिच्या इतिहासशाळेतला कालमंच सकाळी आठलाच सुरू झाला होता. काचेच्या घुमटाखाली १९४० सालचं टोकियो उभं होतं. लांब टेबल, त्यामागे मंत्री, आणि त्यांच्यात गणवेशातला युद्धमंत्री.

"बघ बुवा, मला दुपारी बारापर्यंत वेळ आहे," वासुदेवराव टिपणीस खुर्चीत बसत म्हणाले. "बाराला वसाहतीच्या घटनेच्या मसुद्यावर मतदान. मग मसुदा मंजूर, नाहीतर मुदत संपून बाद."

डॉ. इरावती खांडेपारकर इतिहासकार होती आणि दर गुरुवारी वसाहतीत कीर्तनाला उभी राहायची. तिच्या साथीला तबल्यावर वासुदेवराव. म्हणून ती बाई असूनही ते तिला 'बुवा' म्हणत. बाकी सगळ्यांचे ते अण्णा. वसाहतीची हवा सांभाळणाऱ्या प्राणशाखेचे ते प्रमुख होते आणि वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या हंगामी समितीत प्राणमंत्रीही.

"अण्णा, मसुद्यातलं सातवं कलम काय म्हणतं?"

"प्राणमंत्री हा प्राणशाखेच्या सेवेतील माणूसच असावा, आणि त्याचं नाव शाखेनं द्यावं. त्यात वाईट काय? हवेतलं कळणाराच हवा हाकणार!"

"जपानमध्येही हेच होतं. युद्धमंत्री सेवेतलाच सेनापती हवा. १९१३ साली 'सेवेतील' हा शब्द काढला, १९३६ साली परत घातला. तेवढ्यानं सरकारचा गळा सैन्याच्या हाती गेला. मंत्रिमंडळ पटलं नाही की सैन्यानं आपला मंत्री काढून घ्यायचा आणि दुसरा द्यायचा नाही. खुर्ची रिकामी, की मंत्रिमंडळ पडलं. गोळी झाडावी लागत नाही."

"ती माणसंच खुनशी असतील."

"मलाही तसंच वाटलं होतं." इरावतीनं घुमटाकडे बोट केलं. "या मंचाला त्या काळची इतिवृत्तं, पत्रं, रोजनिश्या भरवल्या आहेत. एक गोष्ट बदलायची आणि पुढचं बघायचं. मी सेनापती बदलून पाहिले. चाळीस वेळा. तापट, शांत, एक तर बुद्धाचा भक्त. सदतीस वेळा मंत्रिमंडळ पडलं."

"आणि माझ्यासारखा असता तर?"

अण्णांच्या चाळीस वर्षांच्या कामाच्या नोंदी आणि भाषणं यांवरून शाखेनं त्यांची मनःप्रत, म्हणजे मनाची यंत्रातली नक्कल, केलेली होती. अण्णांना ते आठवलं नि ते हसले. "घाल मला गणवेशात. पोट मावलं तर!"

पोट मावलं. टोकियोतले अण्णा टेबलाशी बसले. पंतप्रधान परक्या देशाशी लष्करी करार टाळू पाहत होते. मनःप्रतीनं मान डोलावली. तिलाही लढाई नको होती. मग बैठकीबाहेर तीन तरुण अधिकारी आले. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त कमरेतून वाकले. म्हणाले, तुम्ही आमचे, म्हणून आलो.

मनःप्रत बराच वेळ टोपी फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरं माझी आहेत. उद्या त्यांच्यातच परत जायचंय. तोंड कसं दाखवू?" आणि तिनं राजीनामा लिहिला. सैन्यानं दुसरं नाव दिलं नाही. अकराव्या मिनिटाला टेबल रिकामं झालं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आवाज माझाच होता गं. वाक्यसुद्धा माझंच."

"आता 'सेवेतील' हा एकच शब्द काढते."

या वेळी टेबलाशी निवृत्त अण्णा बसले. तेच अधिकारी आले, तसेच वाकले. अण्णांनी त्यांना चहा पाजला, खरपूस सुनावलं आणि परत जाऊन बैठकीत पंतप्रधानांशीही भांडले. पण खुर्ची सोडली नाही.

"युद्ध टळलंच असतं, असं यंत्र म्हणत नाही," इरावती म्हणाली. "पण निदान टेबल उभं राहिलं. अण्णा, तबलजी उठून गेला तरी कीर्तन थांबत नाही, श्रोते टाळ्या धरतात. पण टाळ्यांना बंदी आणि तबलजी एकाच घरचा, असा नियम केला, की पद कुठलं म्हणायचं ते तबलजी ठरवणार."

"तबलजीची फार ओढाताण चालवलीस."

"माझी नलू पलीकडच्या खोऱ्यात राहते, अण्णा."

अण्णांचं हसू मावळलं. नलू म्हणजे इरावतीची धाकटी बहीण. बर्फाच्या वाटणीवरून खोऱ्याशी तंटा चालू होता, आणि शाखेतली तरुण मंडळी म्हणत होती, खोऱ्याकडे जाणारी हवेची नळी बंद करा, येतील शरण. आजवर समिती नाही म्हणत आली होती. कलम पक्कं झालं, की त्या 'नाही'ला किंमत उरणार नव्हती.

"मी विरोधात मत दिलं तरी सातांपैकी पाच जण बाजूनं आहेत," अण्णा हळूच म्हणाले. "हवेच्या भीतीनं." मग घड्याळाकडे बघत विचारलं, "बुवा, ही हंगामी समितीसुद्धा याच कलमावर उभी आहे ना?"

"हो."

"आणि नवा प्राणमंत्री द्यायला शाखेला एक दिवस लागतो."

इरावतीच्या ध्यानात आलं नाही. अण्णा मात्र उठून चालू लागले होते.

बाराला पाच मिनिटं कमी असताना सभागृहात सचिवांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "प्राणमंत्री, शाखेच्या सेवेतील?"

"नाही," अण्णा म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. "अकरा वाजता निवृत्ती घेतली."

सचिवांनी नियम दोनदा वाचला. मग खाकरून म्हणाले, "प्राणमंत्र्याची जागा रिकामी, आणि बाराच्या आत शाखेचं नवं नाव येणं शक्य नाही. समिती विसर्जित. मसुदा बाद. सर्वसभा नवी समिती निवडेल, आणि तिचे नियम तीच करील."

मागच्या बाकावरून शाखेचा एक जण ओरडला, "अण्णा, हे काय केलंत!"

"तुम्ही करणार होतात तेच रे पोरांनो. एकदाच केलं, पुन्हा कुणाला करता येऊ नये म्हणून."

तो गुरुवार होता. संध्याकाळी कीर्तनाला मंडळी जमली. खोऱ्यातून नलूसुद्धा दूरध्वनीवर ऐकत होती, नळीतून हवा नेहमीसारखी वाहत होती. अण्णा तबला काखेत घेऊन दारातच थांबले.

"बुवा, तबलजी सेवानिवृत्त आहे. चालेल का?"

"या सेवेला निवृत्ती नाही, अण्णा. बसा." इरावतीनं बुक्का त्यांच्या कपाळी लावला. "पण पद मी ठरवणार."

"म्हण की," अण्णा म्हणाले आणि हातोडीनं तबला तिच्या सुरात लावू लागले.