फक्कीचं दार

"मोठ्यानं मोज! थांबू नकोस... मी येतोय!"

हा आवाज मी नऊ वर्षांची असताना ऐकला. आमचा तिसरा मजला, आई बाजारात गेलेली, जिना धुरानं गच्च भरलेला आणि मी खिडकीची चौकट धरून उभी. खाली गल्लीच्या तोंडाशी लाल बंब थांबलेला दिसत होता. पुढं येतच नव्हता. त्याच्या भोंग्यातून कुणीतरी मला आकडे मोजायला सांगत होतं आणि मी घसा फाटेस्तोवर मोजत होते. दोनशे साठला धुरातून दोन हात आले आणि मला उचलून शिडीवर घेतलं. तोंडावर मुखवटा होता, त्यामुळे माणूस दिसलाच नाही. राहिला तो आवाज... खोल विहिरीत घागर बुडावी तसा भरदार.

त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकले. भीती वाटली की मोजायचं. आणि रस्ता कधी अरुंद ठेवायचा नाही.

पुढं मी नगरपालिकेत नकाशे काढायला लागले, यात नवल ते काय!

आमच्या नगररचना विभागाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. त्यांचा एक जगावेगळा नियम आहे. नकाशा कागदावर कितीही देखणा असो, आधी तो खऱ्या मापानं जमिनीवर उमटवायचा. मैदानावर खेळाच्या रेघा मारतात ना, तशी पांढरी फक्की घ्यायची आणि सगळ्या भिंती, दारं, रस्ते मातीवर काढायचे. मग पंधरा दिवस त्या रेघांमधून वावरून बघायचं. "कागद सगळं सोसतो," बाई म्हणतात, "माती सोसत नाही." आणि एक कडक अट : रेघेच्या भिंतीतून कुणी जायचं नाही. दारातूनच यायचं, दारातूनच जायचं.

या खेपेला काम मोठं होतं. जुन्या वीटभट्टीच्या चार एकरांवर नवं अग्निशमन केंद्र, शेजारी पोलिस चौकी, रुग्णवाहिकेचा तळ आणि उरलेल्या जागेत बाग. फक्की मारायला माझ्याबरोबर मावशी होत्या. सख्ख्या नव्हेत, पण रागावायच्या सख्ख्यासारख्या. हातात फक्कीचा डबा आणि तोंडात ओवी, ही त्यांची पद्धत. त्या सकाळीही गात होत्या...

*भिंत नाही, छत नाही, दार तेवढं काढिलं,*
*कुणी यावं म्हणून गं, मन उघडं सोडिलं...*

...आणि तेवढ्यात समोरून एक उंचापुरा माणूस सरळ चालत भिंतीतून आत आला.

"अहो! भिंतीतून कुठं येताय?"

त्याचा एक पाय हवेतच थांबला. त्यानं खाली बघितलं. काळ्या बुटावर पांढरी रेघ उमटली होती.

"भिंत?"

"विटा लागायच्यात अजून. पण भिंतच आहे ती. दार तिकडं."

दुसरा कुणी असता तर हसून पुढं आला असता. हा त्याच पायानं मागं गेला. सगळ्या इमारतीला वळसा घातला, फक्कीतल्या मोकळ्या जागेसमोर उभा राहिला, हवेत बोटं वाकवली आणि जिभेनं आवाज काढला... टक् टक्.

"येऊ का आत?"

"काम काय?"

"इथं राहायला येणार आहे."

मावशींच्या हातून मूठभर फक्की सांडली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आमचंच घर काढताय. मी बंबावरचा अधिकारी. आणि तुम्ही आता उभ्या आहात ना... ती आमची झोपायची खोली."

माझे कान तापले. "मी मापं घेत होते," मी म्हटलं.

"घ्या की. सावकाश घ्या," तो म्हणाला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून इतकं हळूच हसला, की मी त्या खोलीची लांबी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी आली.

मग तो रोज यायला लागला. कधी पाण्याच्या टाकीचं कारण, कधी जिन्याचं, कधी कारण वाटेतच विसरून आलेला. प्रत्येक वेळी दारात उभं राहून टक् टक्. मला त्यानं नाव ठेवलं फूटपट्टी. मी त्याला बंबवाले म्हणायला लागले. त्याच्याबरोबर त्याचे वडीलही यायचे. बंबावरूनच निवृत्त झालेले. वर्षानुवर्षं धूर खाऊन घसा कायमचा बसला होता, नुसतं कुजबुजल्यासारखं बोलायचे. आले की घडीचं स्टूल उघडून जागेवरच्या एकुलत्या एका शिरीषाच्या झाडाखाली बसायचे. मी त्यांना काका म्हणायची.

आणि भांडण झालं ते याच शिरीषावरून.

मोठ्या रस्त्यापासून बागेतून केंद्रापर्यंत मी बंबासाठी रस्ता काढला होता. बारा मीटर रुंद. बागेचे सरळ दोन तुकडे पडत होते आणि शिरीष बरोबर मधे येत होता. त्याच्या बुंध्यावर मीच फक्कीची फुली मारली होती. मारताना काकांकडं बघितलं नव्हतं.

"एवढा रस्ता कशाला?" बंबवाल्यानं विचारलं. "बंब आणायचाय, जहाज नाही."

"बंब अडकलेला मी बघितलाय."

"कुठं?"

"...बघितलाय."

"फूटपट्टी, सहा मीटर पुरे. उरलेल्या सहात पोरं खेळतील, म्हातारे बसतील. बंब चालवणारा मी, आणि मी म्हणतोय पुरे."

"आणि नकाशा काढणारी मी."

"झाड तरी ठेवा."

"झाड आग विझवत नाही."

हे बोलले आणि माझं मलाच टोचलं. पण शब्द म्हणजे फक्की नव्हे, पायानं पुसायला. तो म्हणाला, "बरं. बागेत माझ्यासाठी एक बाक तरी काढाल? दोघांचा."

"दुसरं कोण?"

"ते नकाशा काढणारीनं ठरवायचं."

माझी पेन्सिल कागदावर टेकली... आणि तिथंच राहिली. "आधी रस्ता ठरू दे," मी म्हटलं.

उत्तर माझ्याकडं तयार होतं. पण त्याला सांगण्याची सोय नव्हती. आगीची वर्दी आली आणि रस्त्यावर उभा केलेला बंब घेऊन तो निघाला, की त्या लाल ठिपक्याकडं बघत मी मनात मोजायला सुरुवात करायची. एक... दोन... तीन... परत आला की थांबायची. मावशी म्हणायच्या, "ओठ काय हलवतेस गं? जप करतेस?" मी म्हणायची, "मापं पाठ करतेय."

शुक्रवारी मोठ्या बाई सही करणार होत्या. सही झाली की रेघ दगडाची. म्हणून गुरुवारी सकाळी मी त्याला आव्हान दिलं. "शिरीषाला वळसा घालून सहा मीटरच्या रेघा मारते. आणा तुमचा बंब. रेघ न पुसता आत नेऊन दाखवा."

"आणि दाखवला तर?"

"झाडावरची फुली मी स्वतः पुसेन."

बंब आला. तो स्वतःच चालवत होता. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना इतकी जागा राहिली, की मावशींनी तिथं पाय पसरून बसल्याची नक्कल केली. बंब वळणावर आला. पुढची चाकं सुखरूप वळली आणि मागचं चाक... फक्कीवरून गेलं. वीतभर.

"बघितलंत?" मी ओरडलेच.

तो खाली उतरला. चाकाचा माग बघितला. "खरंय. वळण चुकलं माझं. इथं जास्त जागा लागेल. पण एका वळणासाठी अख्खी बाग? असं का करताय?"

सगळे बघत होते. मावशी, बंबावरचे जवान, स्टुलावरचे काका. इतकी वर्षं आत ठेवलेलं माझ्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं.

"कारण मी नऊ वर्षांची होते आणि घरात धूर होता. गल्ली अरुंद होती म्हणून बंब तोंडाशीच अडकला. मला दिसत होता तो. लाल, एवढासा... आणि येत नव्हता. मी नुसती मोजत होते. दोनशे साठपर्यंत मोजलं मी! परत कुणाला मोजायला लागू नये, एवढंच..."

शिरीषाखालचं स्टूल मागं पडल्याचं ऐकू आलं.

"मोठ्यानं मोज," काका म्हणाले. "थांबू नकोस... मी येतोय."

आवाज तो नव्हता. घागर फुटून नुसती खापरी उरावी, तसा होता. पण शब्द... शब्द तेच होते. आणि शब्दांमधली ती थांबायची जागाही तीच.

"काका... तुम्ही?"

ते माझ्याजवळ आले. कुजबुज ऐकायला आम्ही सगळेच पुढं झुकलो.

"गल्लीत बंब अडकला नव्हता, बाळ. तिथंच लावायचा असतो तो. आत नेला तर पाइप पसरायला आणि माणसं बाहेर काढायला जागा राहत नाही. शिडी हातानंच न्यायची असते. उशीर झाला तो रेल्वेच्या फाटकावर. आमचं केंद्र फाटकापलीकडं ना... मालगाडी चालली होती. अठ्ठावन्न डबे. एकेक डबा मोजला मी." त्यांनी श्वास घेतला. "भ्यायलो होतो. मग तू खिडकीत दिसलीस. दुसरं काही सुचलंच नाही बघ. मी जे करत होतो, तेच तुला करायला सांगितलं."

म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीवर रागावले होते! शहरातल्या प्रत्येक गल्लीवर डूख धरला होता. आणि खरं दुखणं होतं फाटक. ते तर नव्या केंद्राची जागा फाटकाच्या अलीकडं निवडली, त्याच दिवशी मिटलं होतं.

"बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत," बंबवाला म्हणाला.

"कुणी मोजलंच नव्हतं माझ्यासमोर," काका म्हणाले.

मी ओढणीच्या टोकानं शिरीषावरची फुली पुसली. पुसताना हात थोडा जास्त वेळ खोडावर राहिला... माफी मागायला वेळ लागतोच. मग डोळे पुसून फूटपट्टीच्या आवाजात म्हणाले, "बंबवाले, बारा मीटरच्या त्या जुन्या रेघा धुऊन टाका. वळणाला नऊ, बाकी सगळीकडं सहा. आणि वळण तुमच्या त्या मागच्या चाकाला विचारून."

"आता?"

"मग काय मुहूर्त बघताय?"

त्यानं पाइप उचलला आणि पाण्याचा फवारा आकाशात उडवला. स्वच्छ उन्हात, एकाही ढगाशिवाय, त्या वीटभट्टीवर पाऊस पडला. रस्त्याच्या पांढऱ्या रेघा विरघळल्या, ओघळल्या, मातीत गेल्या. थेंब वाऱ्यानं वळले आणि मी नखशिखांत भिजले.

"मुद्दाम केलंत!"

"वाऱ्याचं माप चुकलं," तो म्हणाला. चेहरा मात्र साफ खोटं बोलणाऱ्याचा.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. दारातून आत गेल्या, सगळ्या खोल्या फिरल्या, नव्या रस्त्यानं चालत शिरीषाखाली पोचल्या. "इथं बाक आहे?" त्यांनी नकाशात बघून विचारलं.

"हो. दोघांचा," मी म्हटलं.

"छान," बाई म्हणाल्या आणि काकांच्या स्टुलावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

शाई वाळतेय तोवर रस्त्यावर उभ्या बंबाची घंटा वाजली. तो धावला, चढला, एकदा वळून बघितलं... आणि लाल ठिपका मोठ्या रस्त्यावर दिसेनासा झाला. बाई गेल्या. मावशी डबा आवरून निघाल्या. काका स्टूल मिटून घरी गेले, पण जाताना मला म्हणाले, "मनात मोजू नकोस बाळ, मोठ्यानं मोज. त्यानं माणूस लवकर येतो."

मी केंद्राच्या रेघांमध्ये उभी राहून मोठ्यानं मोजलं. पाखरं उडाली. रस्त्यावरची एक सायकल थांबून पुढं गेली. मला लाज वाटली नाही.

ऊन कलायच्या आत बंब आला. तो उतरला. गालावर काजळी, केस विस्कटलेले, चालण्यात थकवा, पण सगळा धडधाकट. सरळ यायचं सोडून त्यानं वळसा घातला, फक्कीच्या दारात उभा राहिला. टक् टक्.

"येऊ का?"

"किती वेळ लावलास!"

त्यानं भुवया उचलल्या. पहिल्यांदाच मी 'तू' म्हटलं होतं. "मोजलात?"

"तीन हजार एकशे चार."

"आजच?"

"रोज. तू निघालास की एकपासून."

तो दारातच होता. दाराच्या अलीकडं मी, पलीकडं तो आणि मधे जेमतेम वीतभर मोकळी माती.

"बाबा म्हणाले, तू भीती वाटली की मोजतेस," तो हळूच म्हणाला. "इथं कसली भीती, फूटपट्टी? बाक काढलास, तोही दोघांचा. दुसरं कोण... ते अजून सांगितलं नाहीस."

मी मनात एक म्हटलं. दोन म्हटलं. तीन म्हणायची गरजच पडली नाही.

"मी," मी म्हणाले. "दुसरी मी. भिंतीतून आलास ना, त्याच दिवशी ठरलं होतं. प्रेम आहे माझं तुझ्यावर. आणि आता तिथं दारात काय उभा राहिलास? ये... आज भिंतीतून आलास तरी चालेल."